ऐकण्याची विद्या

सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २०२५ रोजीं दिलेल्या एका निकालानें आपल्या देशांतील शिक्षणसंस्थांवर एक नवी जबाबदारी टाकली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी ज्या संस्थेंत शिकतात तिनें निदान एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. २०२२ या एका वर्षांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्मघात केल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हां ही आज्ञा अनाठायीं होती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु माणूस नेमावा एवढें न्यायालय सांगूं शकतें. नेमलेल्या माणसानें खोलीचें दार लावून घेतल्यावर काय करावें, हें सांगणें त्याच्या कक्षेंतलें नव्हे. तो प्रश्न विद्येचा आहे. या विद्येच्या मूळ ग्रंथांत ज्याची गणना पहिल्या रांगेंत होते, असें एक जुनें पुस्तक आम्हीं या निमित्तानें पुन्हां वाचलें. कार्ल रॉजर्स यांचें 'कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हें पुस्तक १९४२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. विद्यार्थ्यांच्या मनोव्यथा ऐकण्याच्या कामांत आमचीहि कांहीं वर्षें गेलीं असल्यामुळें हें वाचन निव्वळ पांडित्यासाठीं झालें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. 'समुपदेशक' हा शब्द आपण बनविला, रूढ केला, आणि आतां तो महाविद्यालयांच्या दारांवरील पाट्यांवर चढला आहे. त्याच्या पोटांत 'उपदेश' बसला आहे. उपदेश म्हणजे वरून खालीं येणारी गोष्ट. देणारा उंचावर, घेणारा पायरीशीं. आपल्याकडे विद्यार्थ्याला उपदेशाची उणीव कधींच नव्हती. आईबाप करतात, मामा-काका करतात, शिकवणीचे मास्तर करतात, आणि निकालाच्या दिवशीं तर शेजारीहि करतात. त्या सर्वांना टाळून जो मुलगा एका परक्या माणसाच्या खोलीचें दार ठोठावतो, त्याच्या पुढ्यांत पुन्हां तेंच ताट वाढावयाचें असेल, तर पाटीचा खर्च तरी कशाला करावा? रॉजर्स यांच्या पुस्तकाचा सारा झगडा या एका शब्दार्थाशीं आहे, असें म्हटलें तरी चालेल. समोर बसलेल्या माणसास त्यांनीं 'रोगी' म्हटलें नाहीं, 'क्लायंट' म्हटलें. आपल्या भाषेंत त्याला 'अशील' म्हणावें तर कोर्टाची पायरी आठवते. तेव्हां तो शब्द आपल्या कामाचा नाहीं. त्यामागील हेतु मात्र स्पष्ट आहे. आलेला माणूस आपल्या प्रश्नाचा धनी आहे, आणि बोलून झाल्यावर तो प्रश्न घेऊन त्यालाच घरीं जावयाचें आहे, याची ही आठवण आहे.

हा झगडा कोणाशीं होता हें ध्यानांत घेतल्यावांचून पुस्तकाचें मोल कळत नाहीं. मिनेसोटा विद्यापीठांतील ई. जी. विल्यमसन यांनीं विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनावर १९३९ सालीं एक ग्रंथ लिहिला होता. त्यांत या कामाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: माहितीचें पृथक्करण, तिची संगति लावणें, निदान, भाकित, समुपदेशन आणि पाठपुरावा. हा क्रम चांगल्या वैद्याच्या पद्धतीसारखा आहे, आणि कोणता अभ्यासक्रम घ्यावा, वेळेची वांटणी कशी करावी, अशा प्रश्नांना तो उपयोगीहि पडतो. आम्ही त्याला हिणवूं इच्छीत नाहीं. परंतु पहिल्या चार पायऱ्यांवर विचार करण्याचें काम बहुतेक मार्गदर्शकाचेंच असतें. विद्यार्थ्याच्या वांट्याला येतें तें बरेंचसें ठरून गेलेलें असतें. रॉजर्स १९४० सालीं ओहायओ राज्य विद्यापीठांत आले. त्यापूर्वीं बारा वर्षें त्यांनीं रॉचेस्टर येथें अडचणींत सांपडलेल्या मुलांसाठीं काम केलें होतें. त्या अनुभवांतून त्यांनीं हा क्रमच उलटा केला. विद्यार्थ्याला निर्भयपणें बोलतां येईल एवढी जागा करून द्यावी, त्याच्या शब्दांमागील भावना ओळखून ती त्याच्यापुढें स्वच्छ ठेवावी, आणि वाट त्याची त्याला काढूं द्यावी, हें त्यांचें म्हणणें. या पुस्तकांत एका मोजणीचा दाखला आहे: सल्ला देऊन दिशा दाखविणारे समुपदेशक हे तसें न करणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट शब्द बोलत. हें वाचून आमच्याच कांहीं जुन्या बैठकी आठवल्या, आणि मान खालीं गेली.

पुस्तकाचा सर्वांत अपूर्व भाग शेवटचा आहे. ज्याला 'हर्बर्ट ब्रायन' असें कल्पित नांव दिलें आहे, अशा एका तरुणाच्या आठ भेटींतील संभाषण त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत शब्दशः छापलें आहे. त्या काळीं असें ध्वनिमुद्रण तबकडीवर होई, आणि तबकडी दर कांहीं मिनिटांनीं बदलावी लागे. एवढा खटाटोप केला गेला, कारण तोंपर्यंत मानसोपचाराची हकीकत म्हणजे बहुधा उपचार करणाऱ्यानें मागाहून आठवून लिहिलेली कथा असे. आठवून लिहिणारा माणूस आपल्या चुका सोयीनें विसरतो. तबकडी विसरत नाहीं. रॉजर्स याहूनहि पुढें गेले. संभाषणांतील उद्गारांना त्यांनीं क्रमांक दिले, आणि समुपदेशक जेथें चुकला तेथें तो चुकला, असें तळटीपांत लिहून ठेवलें. आपल्या विद्येचीं लक्तरें वाचकापुढें मांडण्याचें हें धैर्य आम्हांला त्यांच्या सिद्धान्ताइतकेंच मोठें वाटतें.

हा भाग वाङ्मय म्हणून वाचूं जाणाऱ्याची निराशा होईल. त्यांत कथानक चढत जात नाहीं. तीच तक्रार पुन्हां पुन्हां येते, सुटली असें वाटलेली गांठ पुढच्या भेटींत तशीच बसलेली दिसते. हा कंटाळा आम्ही दोष मानीत नाहीं, कारण दुःखाची चाल अशीच असते. खरा दोष निराळा आहे. छापलेल्या पानावर आवाज उमटत नाहीं. मायेनें दिलेला 'हुं' आणि जांभई दाबीत दिलेला 'हुं' हे दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. या उणिवेमुळें रॉजर्स यांचा शिष्य म्हणजे समोरच्याचे शब्द परत करणारा पोपट, अशी थट्टा रूढ झाली. आपल्या साहित्यशास्त्रांत 'सहृदय' ही कल्पना आहे. काव्याच्या निरंतर परिशीलनानें ज्याचें मन आरशासारखें निर्मळ झालें आहे, तो सहृदय. तो कवीला उपदेश करीत नाहीं आणि त्याचे शब्दहि घोकीत नाहीं. कवीच्या मनांत जें झालें तें त्याच्या मनांत पुन्हां होतें. रॉजर्स यांना अभिप्रेत असलेला ऐकणारा आम्हांला या सहृदयाच्या जवळचा वाटतो, आणि पाटीवर तो शब्द असता तर नेमणुका करणाऱ्यांना काय हवें तें अधिक लवकर कळलें असतें.

इतकी स्तुति केल्यावर पुस्तक आपल्या भूमीवर कसें उतरतें तें पाहिलें पाहिजे. नव्या उत्साहाच्या दिवसांत आमच्याकडे पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. गांव दूर, वसतिगृहांत मन लागत नव्हतें, दोन विषय राहिले होते.

"सर, मी काय करूं तें सांगा."

"काय करावें हें सुचत नसल्यानें तूं गोंधळून गेला आहेस," आम्ही पुस्तकास धरून म्हणालों.

"तें तर मीच तुम्हांला सांगितलें," तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यांत आला नाहीं.

यांत चूक रॉजर्स यांची नव्हती. आम्हीं त्याचे शब्द परत केले; त्याची भावना आम्हांला दिसलीच नव्हती. परंतु एक गोष्ट पुस्तकाच्या कक्षेबाहेरची होती. ज्या घरांतून तो आला तेथें वडील माणूस गप्प बसला म्हणजे रागावला असें समजतात. आमचें मौन त्याला मोकळीक वाटलें नाहीं, नापसंति वाटली. तेव्हांपासून आम्ही पहिल्याच भेटींत सांगूं लागलों, कीं आम्ही फार बोलणार नाहीं, पण तो राग नव्हे. एवढ्या एका वाक्यानें पुष्कळ काम सोपें झालें.

मोठी अडचण याहून खोल आहे. ही पद्धति कोणाला लागू पडेल याच्या अटी रॉजर्स यांनीं प्रामाणिकपणें दिल्या आहेत. त्यांतली एक अशी, कीं येणारा माणूस कुटुंबाच्या निकटच्या ताब्यांतून, मनानें किंवा अंतरानें, बऱ्यापैकीं मोकळा असावा. या 'किंवा'पाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. आमच्या विद्यार्थ्याचें घर चारशें किलोमीटरांवर असलें, तरी रात्रीं नऊ वाजतां वडिलांचा फोन येतो. शेतावर काढलेलें कर्ज त्याच्या फीचें असतें, आणि थोरल्या बहिणीचें लग्न त्याच्या नोकरीसाठीं थांबलेलें असतें. आमच्यासमोरच्या खुर्चींत तो एकटा बसत नाहीं; सारें घर त्याच्याबरोबर बसतें. 'तुला स्वतःला काय वाटतें?' हा रॉजर्सपंथी प्रश्न त्याला कधीं कधीं घरच्यांशीं केलेल्या बेइमानीसारखा ऐकूं येतो.

परिस्थिति माणसाच्या आवांक्याबाहेर प्रतिकूल नसावी, अशीहि एक अट तेथें आहे. एका विद्यार्थिनीची झोप गेली होती. तीन भेटींत तिनें भीति, लाज आणि राग हें सर्व सांगितलें, आम्हीं ऐकलें. चौथ्या भेटींत कळलें, कीं शिष्यवृत्तीची रक्कम आली नव्हती, फी थकली होती, आणि कचेरीनें तिचें हॉलतिकीट अडवून ठेवलें होतें. त्या दिवशीं आम्ही खोलीबाहेर पडलों आणि तिच्याबरोबर कचेरीच्या खिडकीशीं उभे राहिलों. हॉलतिकीट मिळालें, आणि झोपहि बऱ्याच अंशीं परत आली. हें समुपदेशन होतें काय? १९४२ च्या व्याख्येप्रमाणें नव्हतें. पण तें न करतां आम्ही तिच्या भीतीला आरसा दाखवीत बसलों असतों, तर कचेरीचा अपराध तिच्या मनावर ढकलण्याच्या पापांत आम्हीहि भागीदार झालों असतों. ज्याचें आडनांव विचारून मेसमध्यें त्याला वेगळें पाडलें जातें, त्याच्या दुःखाचें मूळ त्याच्या अंतःकरणांत शोधणें हा अन्याय आहे. माणसाच्या आंत बरें होण्याची शक्ति असते, या रॉजर्स यांच्या श्रद्धेशीं आमचें भांडण नाहीं. त्या शक्तीवर बाहेरून कोणी पाय ठेवला आहे, हें पाहण्यास त्यांचें हें पुस्तक पुरेसें शिकवीत नाहीं, एवढीच आमची तक्रार आहे.

दबाव आणि सक्ति यांपासून मुक्तता हें समुपदेशनाच्या नात्याचें एक लक्षण म्हणून रॉजर्स सांगतात. या कसोटीला आपल्या किती संस्था उतरतील? एका संस्थेच्या प्रमुखांनीं सत्र संपतां संपतां आमच्याकडे 'काळजी करण्यासारख्या' विद्यार्थ्यांची यादी मागितली. किती जण आले आणि कोणत्या कारणांनीं आले तें सांगूं, नांवें देणार नाहीं, असें आम्हीं कळविलें. कारणांचा कागद टेबलावर तसाच राहिला, आणि पुढच्या सत्रांत आमचे तास निम्मे झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें गुप्ततेचा हक्क मान्य केला आहे; जिवाला धोका असतां त्याला अपवाद आहे, आणि तो असणें योग्यच आहे. तसा धोका जाणवला तर मौनाचें व्रत मोडावें, मरणाचा विचार मनांत येतो काय हें सरळ शब्दांत विचारावें, आणि त्या मुलाला एकटें सोडूं नये. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जातो, ही समजूत खोटी आहे. परंतु अपवादाच्या दारानें साऱ्या वर्गाची यादी बाहेर नेतां येत नाहीं. नांवें मागणाऱ्या संस्थांना कारणें नको असतात, हा आमचा अनुभव आहे. आणि खरें पाहतां संस्थेनें ऐकावयाचीं होतीं तीं कारणेंच.

आपल्याकडील वक्ते गीतेकडे बोट दाखवून श्रीकृष्णाला आद्य समुपदेशक म्हणतात, आणि उपदेशाचें समर्थन तेथून काढतात. त्यांनीं ग्रंथाचीं दोन टोकें पुन्हां पाहावीं. पहिल्या अध्यायांत अर्जुन आपला सारा विषाद बोलून धनुष्य टाकतो, तोंपर्यंत श्रीकृष्णाचें बोलणें जवळजवळ नाहींच. आणि अखेरच्या अध्यायांत, सर्व सांगून झाल्यावर, विचार करून योग्य वाटेल तें कर, असें म्हणून तो निर्णय अर्जुनावरच सोपवितो. आपण मधले अध्याय तेवढे उचलले, आणि आधींचें ऐकणें व नंतरचें सोडून देणें हीं दोन्ही विसरलों. रॉजर्स यांनीं हीं दोन टोकें बळकट धरलीं, म्हणून त्यांचें पुस्तक आजहि जुनें झालेलें नाहीं.

नव्या आज्ञेप्रमाणें जे जे या कामावर नेमले जातील, त्यांनीं हें पुस्तक, विशेषतः त्यांतील आठ भेटी, तळटीपांसह वाचाव्या, अशी आमची शिफारस आहे. नेमणूक करणाऱ्यांस मात्र एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं त्या खोलीत विद्यार्थ्याचें ऐकून घेतलें जाईल. खोलीतून जें बाहेर येईल, कोणाचें नांव न घेतां, तें ऐकण्यासाठीं त्यांनीं कोणाला नेमलें आहे?