‘रचणे’ आणि ‘वसवणे’ : पर्यावरण-रचनेच्या परिभाषेचा एक विचार

विद्यापीठात एखादा नवा विषय येतो, तेव्हा त्याच्यामागोमाग त्याची परिभाषाही येते. आणि ती एकदा रूढ झाली की विषयाकडे पाहण्याची दृष्टीही तीच ठरवू लागते. ‘पर्यावरण-रचना’ हा असाच एक विषय होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९५९ साली वास्तुकला, नगररचना व भूदृश्यरचना ही तीन अंगे एका महाविद्यालयात एकत्र आणली गेली व त्यास हे नाव मिळाले. घर, गाव आणि भूमी यांचा विचार तोडून करता येत नाही, ही त्यामागची भूमिका निःसंशय ग्राह्य आहे. विचार करावयाचा तो या नावाच्या मराठी अवताराचा.

‘परि’ आणि ‘आवरण’ मिळून ‘पर्यावरण’. भोवतालचे वेष्टन हा त्याचा अवयवार्थ. मनुष्य मध्यभागी व बाकीचे सर्व त्याच्याभोवती. ‘रचना’ या शब्दात रचणारा रचलेल्या वस्तूच्या बाहेर उभा असतो. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, रूढीने ठरतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल व तो योग्यही आहे. परंतु पारिभाषिक शब्द जोवर नवा असतो, तोवर त्याच्यामागे रूढी नसते; विद्यार्थ्याला आधार असतो तो अवयवार्थाचाच.

याउलट सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातील वैराग व आसपासच्या टापूत, गाव आणि घर यांविषयी जे शब्द चालत आले, त्यांची घडण पाहावी. शेतजमीन ती ‘काळी’ आणि गाव वसते ती ‘पांढरी’. हे केवळ मातीचे रंग नव्हेत. पिकणारी भूमी घरांखाली घालू नये, हा निर्णय या जोडशब्दांत साठवलेला आहे. ‘ढेळज’ म्हणजे वाड्याच्या दरवाजालगतची आच्छादित जागा. परका माणूस कोठवर येईल व कोठे टेकेल, हे तो शब्द सांगतो. माळवदातील उजेडाच्या व धुराच्या वाटेला ‘साणे’ म्हणतात. या शब्दांत वस्तू एकटी येत नाही. तिच्याशी माणसाचा, ऋतूचा अथवा मातीचा संबंध घेऊन येते. आणि ज्या क्रियेने हे सर्व घडते, तिला मराठीत ‘वसवणे’ असे नाव आहे. भिंत रचतात, पण गाव वसवतात. ‘वसणे’ या धातूचे हे प्रयोजक रूप असल्याने वसणारा माणूस क्रियापदातच अंतर्भूत आहे. त्याला वगळून ती क्रिया पुरी होत नाही.

मात्र एवढ्यावरून लोकभाषेत सर्व ज्ञान आहे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. वैरागच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरांवर किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड मातीचे थर, हेच त्या मृत्यूचे मुख्य कारण ठरले. उन्हाळ्यात गारवा देणारा थर त्या पहाटे निजलेल्या माणसांवर कोसळला. ‘माळवद’ या शब्दात गारव्याचा अनुभव आहे, भाराचे गणित नाही. ते गणित शिकवणे हे विद्यापीठाचेच काम, आणि त्यावाचून परंपरेचे गुणगान हा निव्वळ हळवेपणा होय.

परंतु भूकंपानंतर जे घडले, ते दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे. उद्ध्वस्त गावांपैकी अनेक गावे नव्या जागी नेण्यात आली. घरे पूर्वीपेक्षा मजबूत झाली, हे नाकारता येत नाही. तथापि पुष्कळ ठिकाणी सरळ, रुंद रस्ते व काटकोनी भूखंड यांची नगरासारखी आखणी झाली. दाट वस्तीचे गाव विरळ होऊन दूरवर पसरले आणि शेजार बदलला. या कार्याचे शासकीय नाव ‘पुनर्वसन’ असे होते. त्या शब्दात ‘वस्’ हा धातू आहे. पण आखणीच्या कागदावर बहुतांशी उमटली ती पुनर्रचना. शब्द योग्य होता, त्याचा अर्थ मात्र अभ्यासिला गेला नव्हता.

म्हणून या विषयाच्या पाठ्यक्रमात भारमापनाच्या शेजारी शब्दसंग्रहाला स्थान हवे. विद्यार्थ्याने गावी जाऊन भिंतीची जाडी मोजावी, तसेच त्या भिंतीला, त्या कोपऱ्याला, त्या अंगणाला लोक काय म्हणतात व तेथे काय करतात, हेही टिपावे. ज्या जागेला लोकांनी नाव दिले आहे, तिचा त्यांना काही उपयोग आहे, असे गृहीत धरून चालावे. ती नकाशातून वगळण्यापूर्वी कारण द्यावे. त्याचप्रमाणे प्रत्येक नावामागील बांधणी तपासून घ्यावी. शब्द टिकला म्हणून छत टिकेल, असे नाही.

माळवदे जाऊन सिमेंटची सपाट छते आली आणि पांढरीची सीमा ओलांडून घरे काळीत उतरू लागली, तसतसे हे शब्दही ज्येष्ठ पिढीपुरते उरत चालले आहेत. हे शब्द टिपावयास आज माणसे आहेत. विलंब केला तर नकाशा तेवढा हाती राहील.