कलहानंतरचा श्रोता : पॉल मॅकार्टनीच्या पुनर्मूल्यांकनाचा विचार

एखाद्या कलावंताविषयीचा निकाल कालांतराने फिरतो, तेव्हा नेमके काय बदललेले असते, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. कृती तीच असते. तिच्यातील शब्द आणि स्वरही तेच असतात. तरीही एका पिढीने हिणकस म्हणून बाजूला सारलेली कृती पुढची पिढी आदराने उचलून घेते. ‘अभिरुची बदलली’ असे म्हणून आपण या प्रश्नातून बहुधा मोकळे होतो. पण अभिरुची स्वयंभू नसते. कृतीभोवती जी कथा प्रचलित असते, तिचाही अभिरुचीच्या घडणीत वाटा असतो. या वाट्याचे स्वरूप तपासण्यास बीटल्स या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे विघटन आणि त्यानंतर पॉल मॅकार्टनीविषयी त्याच्याच चाहत्यांची पालटत गेलेली मते यांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम घटनाक्रम पाहू. जॉन लेननने आपण वाद्यवृंद सोडीत असल्याचे सप्टेंबर १९६९ मध्येच सहकाऱ्यांना सांगितले होते; मात्र ही गोष्ट गुप्त राहिली. एप्रिल १९७० मध्ये मॅकार्टनीने आपल्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेसोबत प्रश्नोत्तरांचे एक पत्रक प्रसृत केले. लेननबरोबर पुन्हा गीतरचना होईल असे आपणांस वाटत नाही, असा त्याचा आशय होता. वृत्तपत्रांनी ‘पॉलने बीटल्स सोडले’ अशी वार्ता छापली. पुढे ३१ डिसेंबर १९७० रोजी भागीदारी संपुष्टात आणण्यासाठी त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात उरलेल्या तिघांविरुद्ध दावा दाखल केला. जो प्रथम बोलला आणि ज्याने दावा लावला, तोच घर फोडणारा ठरला. लेनन आधीच निघून गेला होता, ही गोष्ट लोकांच्या लेखी मागे पडली.

या समजुतीला ग्रंथाचे रूप दिले ते लेननच्याच शब्दांनी. डिसेंबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाला त्याने दिलेली प्रदीर्घ मुलाखत १९७१ च्या प्रारंभी छापली गेली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. मुलाखत संतापाच्या भरात दिलेली होती. तिचे पुस्तक झाल्याबद्दल खुद्द लेननही पुढे नाराज होता. तथापि वाचकांनी ती एका पक्षाची कैफियत म्हणून न वाचता इतिहास म्हणून वाचली. लेनन सत्यवक्ता, बंडखोर आणि खरा कलावंत; मॅकार्टनी गोडबोल्या, हिशेबी आणि कारागीर, अशी वाटणी तेथून रूढ झाली. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये लेननची हत्या झाल्यावर या वाटणीला शोकाचे पावित्र्य लाभले. मृताशी वाद घालणे कोणासच शोभत नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेला फिलिप नॉर्मन यांचा ‘शाउट!’ हा बहुवाचित ग्रंथ याच धारणेवर उभा आहे.

महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकाला ही स्थिती ओळखीची वाटेल. बखर रसाळ असते, तिला नायक आणि खलनायक लागतात, आणि ती बहुधा एका पक्षाच्या अंगणात बसून लिहिलेली असते. राजवाडे यांच्या पिढीने बखरीहून अस्सल कागदाला अधिक मान दिला, त्याचे कारण हेच. बीटल्सच्या बाबतीत असे कागद सावकाश बाहेर आले. मार्क लुईसन यांनी १९८८ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या बैठकींची दिनवार नोंद प्रसिद्ध केली. त्यामुळे कोणत्या दिवशी कोणी काय वाजविले हे आठवणींवर विसंबून न राहता सांगता येऊ लागले. २०१६ साली एरिन टॉर्केल्सन वेबर यांनी तर या वाद्यवृंदावरील चरित्रग्रंथांचीच इतिहासलेखनशास्त्राच्या कसोट्यांवर छाननी केली. त्याच वर्षी मॅकार्टनीचे चरित्र लिहिताना नॉर्मन यांनीही आपल्या पूर्वीच्या पक्षपाताची दखल घेतली. व्यवहारातील वादाचा निकाल तर फार आधी लागला होता. ज्या ॲलन क्लाइन यांच्या व्यवस्थापनाला मॅकार्टनीचा विरोध होता, त्यांच्याशी उरलेल्या तिघांनीही १९७३ साली संबंध तोडले. न्यायालयीन लढाया झाल्या, आणि पॉलच्या शंका कदाचित खऱ्या असाव्यात असे लेनननेही बोलून दाखविले.

हे सारे झाले व्यक्तीविषयी. कृतीचे काय? येथेच या प्रकरणाचे खरे समीक्षात्मक मर्म आहे. मे १९७१ मध्ये पॉल आणि लिंडा मॅकार्टनी या दोघांच्या नावाने ‘रॅम’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन लँडाउ यांनी तिच्यावर कठोर टीका केली, साठीच्या दशकातील रॉकच्या ऱ्हासाची ती खूण आहे, अशा अर्थाचा निवाडा त्यांनी दिला. तुटक रचना, पोकळ खेळकरपणा आणि घरगुती समाधान हे दोष पुष्कळांनी दाखविले. परंतु तुटकपणाच्या आरोपाची परीक्षा अवघड नाही. ‘अंकल ॲल्बर्ट/ॲडमिरल हॅल्सी’ या गीतात निरनिराळ्या चालींचे तुकडे सांधले आहेत. लय बदलते, आवाजाचे सोंग बदलते, मध्येच वाद्यमेळ शिरतो. १९६९ मधील ‘ॲबी रोड’च्या दुसऱ्या बाजूची गीतमालिका याच पद्धतीने गुंफलेली आहे आणि तिच्यामागेही मुख्यतः मॅकार्टनी व निर्माता जॉर्ज मार्टिन यांची कल्पकता होती. तेथे ज्याला रचनेचे चातुर्य म्हटले, त्याला दोन वर्षांत तुटकपणा म्हणावे, यासाठी संगीतातले कारण कोणते? दोहोंच्या दरम्यान घडला होता तो कलह.

‘घरगुती’ या आक्षेपाचेही तसेच. ‘डिअर बॉय’मध्ये पॉल व लिंडा यांच्या आवाजांचे थरावर थर रचले आहेत, ‘रॅम ऑन’मध्ये युकुलेली या लहानशा तंतुवाद्याला प्रमुख स्थान आहे, ‘मंकबेरी मून डिलाइट’मध्ये गळा मुद्दाम खरवडून गायिलेला आहे. तत्कालीन श्रोत्याला या सर्वांत अपेक्षाभंग दिसला, कारण तो मनोमन वाद्यवृंदाचा पुढचा अध्याय ऐकू पाहात होता. ज्यांनी हा अपेक्षाभंग अनुभवलाच नाही, त्या नंतरच्या पिढीला याच गोष्टीत घरच्या घरी, मोकळेपणाने संगीत घडविण्याची एक नवी वाट आढळली. २०१२ मधील पुनःप्रकाशनाचे समीक्षकांनी मनःपूर्वक स्वागत केले, आणि २०२० साली त्याच ‘रोलिंग स्टोन’ने पाचशे श्रेष्ठ अल्बमच्या यादीत ‘रॅम’ला स्थान दिले. लिंडाच्या वाट्याचाही विचार तेव्हाच गांभीर्याने होऊ लागला. तिचे निधन १९९८ मध्येच झालेले होते. निकाल बदलतात खरे. पण ते सर्वांना ऐकावयास मिळतातच असे नाही.

येथवर पाहता पुनर्मूल्यांकन ही केवळ न्यायाची विलंबित पूर्तता आहे, असे वाटेल. तसे म्हणणे मात्र घाईचे होईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये पीटर जॅक्सन यांचा ‘गेट बॅक’ हा तीन भागांचा चित्रपट प्रदर्शित झाला. जानेवारी १९६९ मधील सरावाच्या सुमारे साठ तासांच्या चित्रफिती आणि दीडशे तासांच्या ध्वनिफिती यांतून तो सिद्ध झाला आहे. लेनन यावयाचा असताना मॅकार्टनी बास गिटार छेडता छेडता ‘गेट बॅक’ची चाल हुडकीत जातो, हा त्यातील प्रसंग पाहून असंख्य चाहत्यांनी त्याला घर फोडणारा नव्हे, तर घर सावरू पाहणारा मानले. पण त्याच चित्रपटात जॉर्ज हॅरिसन उठून निघून जातो, आणि मॅकार्टनीच्या सूचनांचा काच त्याला कसा होत होता हेही दिसते. शिवाय सुमारे आठ तासांची ही कृतीही निवडीतून घडलेली आहे. त्याच सामग्रीतून मायकेल लिंडसे-हॉग यांनी १९७० मध्ये ‘लेट इट बी’ हा बराच उदास भासलेला चित्रपट केला होता. अस्सल कागदही कोणी तरी निवडून आपल्यापुढे ठेवलेला असतो. त्याचे वाचन करावेच लागते.

स्वतः मॅकार्टनीही या पुनर्विचारात तटस्थ राहिलेला नाही. बॅरी माइल्स यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या चरित्रात कोणत्या गीतात कोणाचा किती भाग, याचे त्याच्या बाजूचे हिशेब आहेत. २००२ मधील ‘बॅक इन द यूएस’ या ध्वनिमुद्रिकेवर त्याने लेनन-मॅकार्टनी हा रूढ क्रम उलटवून आपले नाव आधी घातले, तेव्हा त्याचे चाहतेही नाराज झाले. ही नाराजी अर्थपूर्ण आहे. आपला निर्णय कलावंताने आपल्यासाठी करून द्यावा, हे जाणत्या श्रोत्याला रुचत नाही.

सारांश, या प्रकरणात दोन भिन्न क्रिया एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, व्यक्तीवरील आरोपाची पुराव्यानिशी फेरतपासणी. ती इष्ट होती आणि बऱ्याच अंशी पार पडली आहे. दुसरी, कृतीचे पुनःश्रवण. ती पहिलीवर अवलंबून असता कामा नये. क्लाइनविषयी मॅकार्टनीचा अंदाज बरोबर निघाला, म्हणून ‘रॅम’ श्रेष्ठ ठरत नाही; आणि तो चुकला असता, तरी तिची प्रत उणावली नसती. पूर्वी लेननचा राग हा कृतीवरील अभिप्राय मानला गेला. आज मॅकार्टनीची निर्दोषता हे कृतीचे प्रशस्तिपत्र मानले जाण्याचा धोका आहे. नायक बदलला, पण बखर संपली नाही, असेच त्याचे स्वरूप होईल. पक्षाची निष्ठा बाजूस ठेवून तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावणे आणि तिच्यातील सांधे, थर व आवाज यांविषयी बोलणे, एवढेच समीक्षेच्या हाती आहे. ‘रॅम’च्या बाबतीत ते काम सुरू होण्यास चाळीसएक वर्षे लागली. अशाच कलहांच्या सावलीत पडलेल्या इतर कृतींना तेवढी वाट पाहावी लागू नये, ही जबाबदारी श्रोत्याबरोबर अभ्यासकाचीही आहे.