सोन्याचे स्थान आणि पक्ष्याचा अर्थ : जपानी कुतानी पोर्सेलिनचा समीक्षात्मक विचार

बीजसंज्ञा : कुतानी, सोन्याचा वर्ख, पक्षिप्रतीके, अलंकार, अलंकार्य

प्रस्तावना :
जपानी पोर्सेलिनविषयीचे लेखन सामान्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट प्रतीकांचा कोश तयार करते, म्हणजे क्रौंच दीर्घायुष्याचा आणि बदकांची जोडी दांपत्यप्रेमाची, अशी नोंद करून थांबते. दुसरी वाट सोन्याच्या झगमगाटाची स्तुती करते किंवा त्याला भडक म्हणून नाकारते. दोन्ही ठिकाणी पक्षी आणि सोने यांचा परस्परसंबंध तपासला जात नाही. भांड्यावर सोने कोठे आहे, यावर पक्ष्याचा अर्थ अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी इशिकावा प्रांतातील कुतानी परंपरेचा आधार घेतला आहे.

१. पक्षी : निरीक्षण नव्हे, संकेत
जपानी लोकसमजुतीत क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार वर्षे. 'होओ' हा काल्पनिक पक्षी चीनमधून आला. सद्गुणी राजाच्या काळातच तो प्रकट होतो, अशी कल्पना आहे. राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या पाश्चात्त्य फिनिक्सशी त्याची गल्लत करू नये. 'ओशिदोरी' बदकांची जोडी एकनिष्ठेचे प्रतीक मानली जाते. प्रत्यक्षात मादी अंडी उबवू लागल्यावर नर निघून जातो आणि पुढील हंगामात बहुधा नवी जोडी जमते. याचा अर्थ हे पक्षी निसर्गचित्रणातून आलेले नाहीत. संस्कृत काव्यशास्त्रातील कविसंकेतांप्रमाणे ते समाजाने मान्य केलेले संकेत आहेत. संकेत जिवंत राहण्यासाठी तो ओळखणारा समाज आणि विवाह, नववर्ष यांसारखे प्रसंग आवश्यक असतात.

२. झिलईवरचे सोने
कुतानीचा आरंभ परंपरेने १६५५ च्या सुमारास, दाइशोजी संस्थानात मानला जातो. 'जुनी कुतानी' म्हणून ओळखली जाणारी अनेक भांडी प्रत्यक्षात क्यूशूमधील आरिता येथे घडली असावीत, असे तेथील भट्ट्यांच्या उत्खननानंतर अनेक अभ्यासक मानतात. या भांड्यांत हिरवा, पिवळा, लाल, जांभळा आणि गडद निळा हे पाच रंग प्रमुख आहेत. पक्षी रंगानेच उभा राहतो आणि सोन्याचे काम दुय्यम असते. मूळ भट्टी बंद पडल्यानंतर सुमारे शतकभराने, १८०७ मध्ये कानाझावा येथे कासुगायामा भट्टी सुरू झाली आणि या परंपरेचे पुनरुज्जीवन झाले.

मेइजी काळात (१८६८–१९१२) चित्र पालटले. कुतानी शोझा (१८१६–१८८३) यांनी पारंपरिक आणि पाश्चात्त्य रंग एकत्र आणून त्यांवर सोन्याचे दाट काम केले. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनानंतर जपानी कलावस्तूंना पाश्चात्त्य बाजारपेठ मोठ्या प्रमाणावर खुली झाली आणि कुतानीची निर्यात वाढली. ही भांडी विकत घेणाऱ्या परदेशी ग्राहकाला होओचा संकेत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सोने मात्र त्याला अनुवादाशिवाय कळत होते. परिणामी पक्षी हळूहळू नक्षीचा एक घटक झाला. कौशल्य कमी झाले नव्हते. किंबहुना केसासारख्या बारीक रेषा पाहता ते वाढलेच होते. क्षीण झाला तो संकेत.

येथे तंत्राचीही एक बाजू आहे. झिलईवर लावलेले सोने रंगांपेक्षा कमी उष्णतेवर भाजले जाते. त्यामुळे ते वापराने व धुण्याने झिजते. हजार वर्षांच्या आयुष्याचे प्रतीक असलेल्या क्रौंचाचे पंख काही पिढ्यांतच पुसट व्हावेत, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

३. झिलईखालचे सोने
या प्रश्नाचे वेगळे उत्तर 'युरि-किन्साइ' या विसाव्या शतकातील तंत्रात सापडते. कोमात्सु येथील योशिता मिनोरी (जन्म १९३२) यांना या तंत्रासाठी २००१ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा सन्मान मिळाला. येथे रंगीत झिलई भाजून घेतल्यावर सोन्याचा वर्ख आकृतीप्रमाणे कापून चिकटवतात, सुईने बारीक रेषा काढतात आणि वर पारदर्शक झिलई देऊन पुन्हा भाजतात. हा वर्ख जवळच्या कानाझावाची ख्याती आहे आणि जपानमधील जवळजवळ सर्व सोन्याचा वर्ख तेथेच तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. योशिता यांनी जाड व पातळ असे दोन प्रकारचे वर्ख वापरून सोन्यातच छाया-प्रकाश निर्माण केला.

अशा कामात पक्ष्याचा पंख काढायचा, तर सोने पंखावर लावावे लागत नाही. पंख सोन्याचाच बनतो आणि झिलईच्या आतून मंद उजळतो. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. अलंकार आणि अलंकार्य यांचा भेद केवळ विवेचनापुरता असून काव्यत्व सालंकार समग्रतेतच असते, असे त्याचे म्हणणे आहे. मेइजी काळातील निर्यातीच्या पुष्कळशा भांड्यांत हे दोन घटक वेगळे काढता येतात. युरि-किन्साइमध्ये सोने खरवडले तर आकृतीच उरणार नाही.

तथापि ही प्रशंसा निरपवाद नाही. झिलईखालचे सोने झिजत नाही, परंतु असे भांडे प्रामुख्याने प्रदर्शनाच्या कपाटात राहते. विवाहाच्या पंगतीत हाताळली जाणारी थाळी झिजत होती, कारण तिच्यावरील पक्ष्याला काम होते. पक्ष्याला टिकाऊ तेज लाभले आणि त्याचा प्रसंग सुटला, हे नोंदवणे भाग आहे.

निष्कर्ष :
'शोभेची वस्तू' हा शिक्का या कलेच्या मूल्यमापनास अपुरा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहात जपानी कलावस्तू पाहायला मिळतात. अशा वस्तूंसमोर उभे राहताना पक्षी कोणता, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. सोने त्याच्यावर आहे की त्याच्या आत, आणि ते झिजले असेल तर कोणाच्या हातांनी, हेही विचारले पाहिजे. झिजलेले सोने हा दोष नव्हे, तो त्या संकेताच्या सामाजिक आयुष्याचा पुरावा होय.