पाच मिनिटांत रिअॅक्शन? आधी एन्झाइम किती घेतलं ते सांगा

एन्झाइम आणि फ्लो केमिस्ट्रीवरचे पेपर वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: फ्लास्कमध्ये तासन्‌तास चालणारी रिअॅक्शन मायक्रोरिअॅक्टरमध्ये काही मिनिटांत झाली. माझ्या पहिल्या पोस्टरवर मीही हेच लिहिलं होतं. एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, दोन्हीकडे एन्झाइम सारखंच होतं का?" नव्हतं. त्या दिवशी पोस्टरसमोर उभं राहणं जड गेलं.

आधी पद्धत समजून घेऊ. एन्झाइम (शाळेत आपण विकर म्हणायचो) बारीक मण्यांवर पक्कं बसवायचं, ते मणी नळीत भरायचे आणि एका टोकाने कच्चा माल पंपाने सोडत राहायचा. दुसऱ्या टोकाला प्रॉडक्ट मिळतं, एन्झाइम आतच राहतं. कल्पना जुनीच आहे. जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीने १९६९ मध्ये अशा कॉलममधून एल-अमिनो आम्लं बनवायला सुरुवात केली होती.

आता तुलनेकडे येऊ. समजा, फ्लास्कमध्ये दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम एन्झाइम आहे आणि रिअॅक्शनला २५० मिनिटं लागतात. नळीत मणी ठासून भरल्यामुळे तेच प्रमाण ५० मिलिग्रॅम होतं. मग ५ मिनिटं लागणार, हे साधं त्रैराशिक आहे. लग्नघरात एकीऐवजी पन्नास जणी पोळ्या लाटायला बसल्या तर काम लवकर उरकणारच. त्याचं श्रेय पोळपाटाला कसं देणार?

"बारीक नळीत मिक्सिंग झटपट होतं" हा दावा खरा आहे, पण अर्धाच. पाण्यात लहान रेणूला १ मिलिमीटर पसरायला साधारण १००० सेकंद लागतात, ०.१ मिलिमीटरला १० सेकंद. पण एन्झाइमलाच तासभर लागत असेल आणि फ्लास्क नीट ढवळला जात असेल, तर वाचलेल्या सेकंदांचा उपयोग काय?

दुसरी फसगत टिकाऊपणाची. "इतके तास सलग चालवलं, कन्व्हर्जन १०० टक्केच." बरं, पण एन्झाइम गरजेपेक्षा खूप जास्त असेल तर त्यातलं अर्धं मेलं तरी कळत नाही. साध्या फर्स्ट ऑर्डर हिशेबात ९९.९९ टक्क्यांचं ९९ टक्के होतं, आणि ग्राफवर रेघ सरळच दिसते. टिकाऊपणा मोजायचा तर प्रवाह वाढवून कन्व्हर्जन मुद्दाम अर्ध्यावर आणावं लागतं.

याचा अर्थ फ्लो बेकार आहे असा नाही, नाहीतर मी पीएचडी कशाला करते! एन्झाइम महाग असेल आणि पुन्हा पुन्हा वापरायचं असेल, प्रॉडक्टच एन्झाइमला अडवत असेल, किंवा ऑक्सिजन वायू द्रावणात पटकन विरघळवायचा असेल, तिथे फ्लोचा खरा फायदा होतो. ग्लुकोज आयसोमरेजचे कॉलम साखर उद्योगात कित्येक वर्षं चाललेत. फक्त ते मायक्रो नाहीत. मिनिटाला १० मायक्रोलिटर म्हणजे दिवसभरात जेमतेम १४ मिलिलिटर.

म्हणून हल्ली पेपर हातात आला की मी आधी सप्लिमेंटरी उघडते आणि दोन आकडे शोधते: एका ग्रॅम एन्झाइममागे एकूण किती ग्रॅम प्रॉडक्ट मिळालं, आणि फ्लास्कमध्ये तितकंच एन्झाइम घालून पाहिलं का. माझ्या पोस्टरचा ग्राफ मी नव्याने काढलाय. फरक पन्नासपट होता, तो आता जेमतेम दीडपट उरलाय. पण तो दीडपट मला कुणालाही समजावून सांगता येतो.