‘संगणक बंद करू नका’ : एका सूचनेची परीक्षा

शाळा सुटली आहे. शिपाई किल्ल्या घेऊन संगणक कक्षाच्या दारात उभा आहे आणि एका पडद्यावर ठिपके गोल फिरत आहेत. खाली मजकूर आहे: ‘अपडेट चालू आहे, ३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका.’ अर्धा तास उलटला तरी आकडा ३० वरून हलत नाही. आता थांबावे की मुख्य बटण दाबावे? विंडोज या कार्यप्रणालीतील ही सूचना आम्ही येथे पाठ्यपुस्तकातल्या वाक्यासारखी तपासणार आहोत. वाचणाऱ्याला ती काय शिकवते?

प्रथम तिची बाजू. सूचना चुकीची नाही. वापरात असलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. त्यामुळे नव्या फाइली आधी उतरवून ठेवल्या जातात आणि खरी अदलाबदल संगणक बंद होताना व पुन्हा सुरू होताना होते. नेमकी तेव्हा वीज गेली तर काही फाइली नव्या आणि काही जुन्या, अशी अर्धवट अवस्था उरू शकते. मग संगणक सुरूच होत नाही. म्हणजे मनाई योग्य आहे, पण तिचे कारण पडद्यावर कोठेही नाही.

दुसरा दोष टक्केवारीचा. काम किती झाले हे दाखवणारी पट्टी वापरणाऱ्यांना हवीशी वाटते, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोगाने दाखवले होते. परंतु येथील टक्के मिनिटांचे नसून कामाच्या टप्प्यांचे आहेत. दहापैकी तीन गणिते सुटली म्हणून ३० टक्के वेळ संपला, असे होत नाही. चौथे गणितच सर्वांत अवघड असू शकते. हा फरक न सांगता आकडा दाखवला, की थांबलेला आकडा म्हणजे थांबलेले काम, असा चुकीचा निष्कर्ष वाचणारा काढतो आणि बटण दाबतो.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. किती वेळ थांबावे आणि त्यानंतर काय करावे, याबद्दल सूचना गप्प आहे. गाळलेल्या ओळी आम्ही येथे लिहितो. डिस्कचा दिवा असल्यास तो पाहावा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या, संथ डिस्कवर दोन-तीन तासही लागू शकतात. त्यानंतरही काहीच हालचाल नसेल, तर पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. अनेकदा तो अर्धवट बदल स्वतःच मागे घेतो. सलग दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले, तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. डिस्कवर पुरेशी मोकळी जागा, महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत आणि यूपीएस ही काळजी मात्र आधीच घ्यावी लागते.

हे सारे अटळ आहे का? नाही. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक फोनांत कार्यप्रणालीसाठी दोन जागा असतात. एका जागेवरून फोन चालतो, तोवर दुसरीत नवी आवृत्ती बसते. पुन्हा सुरू करताना फक्त जागा बदलते. नवी चालली नाही तर जुनी शाबूत असते. या सोयीसाठी साठवणीची जास्त जागा खर्ची पडते, पण वापरणाऱ्याला पडद्यासमोर ताटकळावे लागत नाही.

जिथे संध्याकाळी वीज जाते आणि दहा संगणकांवर साठ मुले शिकतात, तिथे एक संगणक बिघडला की सहा मुलांचा तास बुडतो. म्हणून आमचे मत असे, की कारण न सांगता दिलेली आज्ञा संकटाच्या वेळी पाळली जात नाही. प्रयोगशाळेत ‘हात लावू नका’ एवढीच पाटी लावणाऱ्या आपणा शिक्षकांनाही हे लागू आहे. संगणक कक्षाच्या भिंतीवर वरच्या गाळलेल्या ओळी मोठ्या अक्षरांत लावाव्यात. तो कागद विद्यार्थ्यांनीच कारणांसह तयार केला, तर अधिक चांगले.