शीव, गावकूस आणि खेळातले रणक्षेत्र

कथा, कविता, नाटक, आत्मकथन यांच्यापलीकडे आपली समीक्षा सहसा जात नाही. फार तर चित्रपटापाशी थोडी थांबते. पण आपल्या वसतिगृहांतली मुले रात्रीचे दोन-चार तास ज्या कल्पित जगात वावरतात, त्या ऑनलाईन खेळांकडे आपण केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहतो. शिक्षक रागावतात, पालक मोबाईल काढून घेतात आणि प्रश्न तिथेच संपतो. वास्तविक प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा. या खेळांत भूमी असते, तिचा नकाशा असतो, राजे, वंश, युद्ध, कर आणि खंडणी असते. जी कृती एक आख्खे जग उभे करते, तिच्यात जग कसे असावे याविषयीची एक भूमिका दडलेली असतेच. ती भूमिका तपासणे हे समीक्षेचे काम होय.

बुलडाणा जिल्ह्यासारख्या भागात बहुतेकांचा संगणक म्हणजे हातातला मोबाईल. म्हणून इथे गोळीबाराचे मोबाईल खेळ अधिक खेळले जातात. पबजीवर २०२० साली बंदी आली, तिच्या जागी २०२१ साली बीजीएमआय आला, २०२२ साली तोही हटवला गेला आणि २०२३ साली परतला. पण या खेळांतली 'सुरक्षित वर्तुळा'ची कल्पना ज्या विचारातून आली, त्याची पूर्ण वाढ झालेली दिसते ती अद्भुतरम्य भूमिका-खेळांत. तिथे भूमीचे तीन भाग पडतात. एक, जिथे कोणी कोणाला मारू शकत नाही ते सुरक्षित क्षेत्र. दुसरे, जिथे खेळाडूने खेळाडूला मारण्यास मुभा आहे ते रणक्षेत्र. तिसरे, एखाद्या गटाच्या ताब्यातला मुलूख. ही विभागणी पाहिल्यावर आपल्या माणसाला गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मात्र आठवण होणे म्हणजे चिकित्सा नव्हे. साम्य कुठपर्यंत जाते आणि कुठे तुटते, हे पाहिले पाहिजे.

१

१९९७ साली 'अल्टिमा ऑनलाईन' हा खेळ सुरू झाला. त्यात शहराच्या हद्दीत पहारेकरी होते. हाक मारली की ते येत आणि गुन्हेगाराला ठार करीत. शहराची वेस ओलांडली की कायदा संपला. जंगलात, रस्त्यावर बलवान खेळाडू नवख्यांना मारून त्यांचे सामान लुटू लागले. तक्रारी वाढल्या. २००० साली कंपनीने काय केले? त्या संपूर्ण भूमीची दुसरी प्रत काढली. जुन्या भूमीवर मारामारी चालू राहिली. नव्या भूमीवर संमतीशिवाय कोणी कोणावर हात उगारू शकत नव्हता. बहुसंख्य खेळाडू नव्या भूमीवर निघून गेले.

हा प्रसंग आपल्या चळवळीच्या वाचकाने बारकाईने पाहावा. मुभा मिळताच बहुसंख्य माणसे जुलमाची भूमी सोडून जातात, हे त्यातून दिसले. 'तुमचे लोक गाव सोडून का जात नाहीत?' असे विचारणाऱ्यांना यात उत्तर आहे. जायला दुसरी भूमी लागते. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी तीच मागणी घटनात्मक भाषेत मांडली. पडीक सरकारी जमिनीवर वेगळी गावे वसवावीत, असा तिचा आशय होता. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांच्याही मुळाशी जमिनीचाच प्रश्न होता. खेळाच्या मालकाने तीन वर्षांत दुसरी भूमी दिली, कारण गिऱ्हाईक निघून जाण्याचे त्याला भय होते. गावाला असे भय कधीच वाटले नाही. तिथे राबणारा माणूस निघून जाऊ नये, एवढीच काळजी होती.

कायद्याचेही तसेच. २००३ साली सुरू झालेल्या 'ईव्ह ऑनलाईन' या अवकाश-खेळात प्रत्येक प्रदेशाला सुरक्षिततेचा आकडा आहे. वरच्या आकड्याच्या प्रदेशात हल्ला केला की खेळातले पोलीस हल्लेखोराचे यान नष्ट करतात. पण ते हल्ला सुरू झाल्यावर येतात. ज्याचे यान फुटले त्याचे नुकसान भरून निघत नाही. तिथला पोलीस शिक्षा देतो, रक्षण करीत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचा अनुभव घेतलेल्या कार्यकर्त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. एक भेद मात्र नोंदवला पाहिजे. खेळातली शिक्षा यंत्रात लिहिलेली असते, ती टळत नाही. आपल्याकडे फिर्याद लिहून घेण्यापासूनच लढाई सुरू होते. महाडचे चवदार तळे १९२७ च्या मार्चपूर्वीच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुले झाले होते. ठराव कागदावर राहिला आणि पाणी प्यायलेल्यांच्या डोक्यात काठ्या बसल्या. कागदावरचे सुरक्षित क्षेत्र आणि प्रत्यक्षातले रणक्षेत्र एकाच जागी असू शकते, हे आपल्याला खेळाने शिकवायला नको.

२

गटांचा मुलूख म्हणजे काय, हे समजून घ्यायला बुलडाणा जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि निजामाने त्या गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले. हैदराबादच्या सत्तेचा पाया या लढाईने घातला गेला. पुढे वऱ्हाडात दुअमली चालली. एकाच मुलखाच्या महसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले हे दोघेही वाटेकरी झाले. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क गेला, १८५३ साली कारभार इंग्रजांकडे आला.

झेंडे असे बदलत गेले. पण गावाच्या आतला नकाशा बदलला नाही. शिवेचा दगड दाखवणारा, रात्री राखण करणारा, सरकारी माणसापुढे धावणारा महार तोच राहिला. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष प्रमाण मानली जाई आणि त्याच शिवेच्या आतल्या विहिरीवर मात्र त्याला जाता येत नसे. दोन राजांच्या लढाईचा इतिहास शाळेत शिकवला जातो. गावकुसाच्या आतबाहेरचा इतिहास शिकवला जात नाही. अद्भुतरम्य खेळांचीही दृष्टी हीच आहे. त्यांना गटागटांतले युद्ध दिसते. गटाच्या पोटातली उतरंड त्यांना दिसत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ च्या खेळात अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या माणसाचे बोलणे दुसऱ्याला निरर्थक अक्षरांसारखे दिसते. दोघांना एकत्र जथा करून फिरण्याची परवानगी मिळायला २०२२ साल उजाडले. भाषाबंदी झाली, संगतबंदी झाली. पण पैसे भरून पक्ष बदलण्याची सोय २००९ पासूनच आहे आणि २०१८ पासून रणक्षेत्रात उतरायचे की नाही हे खेळाडू स्वतः, आपल्या राजधानीत उभा राहून, ठरवतो. उतरला तर जादा बक्षीसही मिळते.

साम्य तुटते ते इथेच. खेळातला धोका स्वीकारलेला असतो. आपला धोका जन्माने येतो, तो बंद करण्याची कळ कोणत्याही राजधानीत नाही.

३

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांच्या मुळाविषयी जो सिद्धान्त मांडला, तो या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. टोळ्यांच्या युद्धांत काही टोळ्या फुटल्या. त्यांतून तुटलेली माणसे, म्हणजे 'ब्रोकन मेन', आसऱ्यासाठी भटकू लागली. दुसरीकडे शेती करून स्थिरावलेल्या टोळ्यांना हल्लेखोरांपासून राखण करणारे हवे होते. यातून करार झाला. तुटलेल्यांनी राखण करावी, स्थिरावलेल्यांनी अन्न व निवारा द्यावा. पण ती परक्या टोळीची, परक्या रक्ताची माणसे, म्हणून त्यांनी हद्दीवर, गावाबाहेर राहावे. आयर्लंड आणि वेल्स येथील गावांतही असे बाहेर राहणारे परके होते, हे त्यांनी दाखवून दिले.

इथपर्यंत खेळाची आणि इतिहासाची वाट एकच आहे. पण बाबासाहेब पुढचा प्रश्न विचारतात. आयर्लंड-वेल्समधले बाहेरचे लोक कालांतराने आत सामावले गेले, आपल्याकडचे का नाहीत? त्यांचे उत्तर असे की इथे गावाबाहेर राहण्यावर अस्पृश्यता येऊन बसली. गावाबाहेर राहणे आणि अस्पृश्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीव युद्धाने पडते, पण ती कायमची होते तिरस्काराने. हा तिरस्कार खेळात असतो काय?

असतो. 'लिनिएज-२' या कोरियन खेळात बुटक्यांचा एक वंश आहे. मारलेल्या प्राण्यापासून जादा माल काढण्याची कला त्याच वंशाला दिलेली आहे. खेळातले नाणे जमवून ते खऱ्या पैशाला विकणारे चिनी मजूर सोयीसाठी बुटक्या स्त्रीचे रूप घेऊ लागले. मग अमेरिकन खेळाडूंनी समीकरण मांडले की बुटकी बाई म्हणजे चिनी मजूर. ती दिसली की मारावी, तिला जथ्यात घेऊ नये. ज्या हौशी खेळाडूंनी हे रूप आधीच घेतले होते, त्यांनाही ते रूप नकोसे झाले. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर यांनी २००६ साली आणि लिसा नाकामुरा यांनी २००९ साली या द्वेषाची चिकित्सा केली आहे. नाकामुरांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले असेच चित्र दाखवून, हे मजुरांचे वांशिकीकरण आहे, असे प्रतिपादन केले.

पाहा, क्रम किती ओळखीचा आहे. आधी वंशाला धंदा नेमून दिला. मग तो धंदा हीन ठरला. मग धंद्यावरून सगळा वंश हीन ठरला. जाती म्हणजे केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा विचार १९३६ साली मांडला गेला. तो खरा असल्याचा पुरावा एका यांत्रिक, नव्या, कोणतीही पोथी नसलेल्या भूमीत काही महिन्यांत तयार झाला. विशेष म्हणजे त्या मजुराच्या घामातून आलेले नाणे विकत घेणारेही हेच तिरस्कार करणाऱ्यांच्या समाजातले होते. गावालाही महाराचे कष्ट चालत होते, त्याची सावली चालत नव्हती.

४

अशा भूमीत विद्रोह होतो काय? तोही झाला. 'लिनिएज-२' च्या बार्ट्झ नावाच्या कोरियन सर्व्हरवर ड्रॅगन नाईट्स या बलाढ्य गटाने शिकारीची उत्तम राने बळकावली आणि किल्ल्याखालच्या बाजारावरचा कर १० टक्क्यांवरून १५ टक्के केला. २००४ साली त्यांच्याविरुद्ध इतर गट उठले. मग एक विलक्षण गोष्ट घडली. दुसऱ्या सर्व्हरवरचे हजारो खेळाडू तिथे नवा जन्म घेऊन आले. पहिल्या पातळीचे, अंगावर नवख्याचे साधे कपडे, हातात किरकोळ शस्त्र. कोरियात त्यांना अंतर्वस्त्रांची फौज म्हणत. एका बलवानापुढे त्यातले कितीतरी पडत, पुन्हा उठत आणि पुन्हा वाट अडवीत. बलाढ्य गटाचे किल्ले पडले.

आणि नंतर? किल्ले कोणाच्या ताब्यात राहावेत यावरून विजेत्यांच्या आघाडीत फूट पडली. अंतर्वस्त्रांच्या फौजेला किल्ल्यात स्थान मिळाले नाही. जुना गट सावरला आणि परतला.

१९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या गटांचा आणि १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरच्या दोन वर्षांत झालेल्या फुटीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. प्रत्येक गटाला आपला तालुका, आपला मोर्चा, आपले व्यासपीठ हवे असते. मुलूख वाटून घेतला की ज्यांच्या बळावर तो जिंकला ते बाहेर राहतात. पँथरच्या छावणीवर पायी चालत आलेला मुलगा आणि बार्ट्झच्या रानातला पहिल्या पातळीचा खेळाडू यांच्यात मला नाते दिसते. दोघांनीही मोबदला न मागता अंग पुढे केले. चळवळीचे मोल किल्ल्यांच्या संख्येवर न मापता, या माणसाला आत कुठे जागा मिळाली यावर मापले पाहिजे.

५

या खेळांना केवळ नकार देऊन भागणार नाही. त्यांत एक आकर्षण खरे आहे. प्रत्येक जण पहिल्या पातळीवरून, सारख्याच कपड्यांत सुरुवात करतो. आडनाव विचारले जात नाही. ज्या मुलाला गावात आडनावावरून जोखले जाते, त्याला हे समतेचे दर्शन वाटले तर त्यात नवल नाही. मात्र पुढे पैसे भरणारा बळ विकत घेतो आणि माईक सुरू झाला की बोलीवरून माणूस ओळखला जातो. ती समता सुरुवातीच्या पायरीपुरतीच असते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त पुराणांतल्या देवदैत्यांच्या लढाया पराभूतांच्या बाजूने वाचल्या. बळीराजाच्या मुलखाचे सुभे आणि खंड कसे होते, महासुभ्याचा म्हसोबा आणि खंडाच्या अधिकाऱ्याचा खंडोबा कसा झाला, हे त्यांनी मांडले. बांधावरच्या शेंदरी दगडात त्यांना हरवलेल्या राज्याचा अधिकारी दिसला. अद्भुतरम्य खेळांतले ओर्क, राक्षस, बुटके आपण याच दृष्टीने वाचले पाहिजेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ पासूनच्या मूळ खेळाला २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द काढून टाकावा लागला. जन्मजात दुष्ट असा वंश असू शकत नाही, हे वाचकांनी त्यांना सांगितले म्हणून. समीक्षा खेळाचे नियम बदलू शकते, हे त्यावरून सिद्ध होते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी त्याला त्या खेळाचा नकाशा कागदावर काढायला सांगा. शेजारी त्याच्या गावाचा नकाशा काढायला सांगा. वेस, विहीर, पार, देऊळ, स्मशान, वस्ती. मग तीन प्रश्न विचारा. ही रेघ कोणी मारली? ती ओलांडायची की नाही हे कोण ठरवते? हरणाऱ्याचे काय जाते? खेळाच्या नकाशावर तो पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कंपनीने' असे चटकन देईल. गावाच्या नकाशावर तो थबकेल, कारण तिथली रेघ निसर्गानेच मारली असावी असे त्याला आजवर भासवले गेले आहे. रेघ माणसाने मारलेली असते आणि माणूसच ती पुसू शकतो, हे त्या थबकण्याच्या क्षणी त्याला कळले, तर खेळात गेलेल्या रात्री फुकट गेल्या असे मी म्हणणार नाही.