सुटीत काय वाचता आहात?

मे महिन्यात दोन शिक्षक भेटले की तीन प्रश्न ठरलेले असतात. पेपर तपासून झाले का, गावाला कधी निघणार आणि सध्या काय वाचता आहात? पहिल्या दोहोंची उत्तरे चटकन मिळतात. तिसऱ्या प्रश्नाला विज्ञानाचे शिक्षक जरा अडखळतात, असा आमचा अनुभव आहे. मराठीचे शिक्षक एखाद्या कादंबरीचे नाव सांगून मोकळे होतात. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र वाटते की आपल्या हातात या वेळी काहीतरी भारदस्त, आकृत्यांचे पुस्तक असायला हवे होते. मग "तसे विशेष काही नाही" असे उत्तर येते आणि पिशवीतली विज्ञानकथा पिशवीतच राहते. हा संकोच आम्हांला अनाठायी वाटतो. सुटीत माणसे जे आवडीने वाचतात त्यातच विज्ञान शिकवण्याची बरीच सामग्री असते. फक्त ती पुस्तके शिक्षकाच्या नजरेने, म्हणजे थोडी शंका घेत, वाचावी लागतात. तशी तीन पुस्तके येथे तपासावीत असा विचार आहे.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात पुस्तक हाती येण्याची अडचण कधी फारशी नव्हती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. 'मौज'ची पुस्तके गिरगावातल्या खटाववाडीतून निघत, आणि दादरला छबिलदासच्या गल्लीत 'आयडियल'मध्ये नुसते उभे राहून पुस्तके चाळण्यात अनेकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत. परळ-लालबागकडे ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळांबरोबर वाचनालयेही चालवली. गिरणगावातले निम्मे बिऱ्हाड मे महिन्यात कोकणात किंवा घाटावर गेलेले असे. जी मुले मागे राहत त्यांची दुपार चाळीच्या गॅलरीत जाई आणि एकच पुस्तक पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत फिरे. पाने सुटलेले, शेवटचा फर्मा नसलेले पुस्तकही वाचले जाई. शेवट ज्याने त्याने आपापला लावायचा.

अशा फिरणाऱ्या पुस्तकांत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांचा मान मोठा. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावेच मुलांना ओढून घेत. व्हर्न मराठीला नवा नव्हता. त्याच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर 'केरळ कोकिळ' मासिकात १९००च्या सुमारास येऊ लागले होते. पण मुलांच्या तोंडची, पळती मराठी त्याला मिळाली ती भागवतांमुळे. १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढणाऱ्या आणि पुढे फास्टर फेणे जन्माला घालणाऱ्या या लेखकाला मूल कोणत्या वाक्याला पान उलटते हे नेमके कळत होते. त्यांच्या भाषेबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

आमचे म्हणणे व्हर्नच्या विज्ञानाबद्दल आहे, आणि त्याहून अधिक, ते आपण वर्गात तपासत नाही याबद्दल आहे. मूळ कादंबरी १८६५ची. तिच्यात चंद्राकडे जाणारा गोळा ९०० फूट लांबीच्या तोफेतून सुटतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असतो. हा वेग अगदी बरोबर आहे. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला तेवढाच लागतो. व्हर्नने आकडेमोड मन लावून केली होती, असे कौतुक येथपर्यंत सगळेच करतात. पुढचा हिशेब मात्र नववीतल्या मुलालाही येतो. अंतिम वेगाच्या वर्गाला तोफेच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्वरण मिळते. ९०० फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. उत्तर येते ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २३ हजार पट! म्हणजे ५० किलो वजनाच्या प्रवाशाला त्या क्षणी आपले वजन साडेअकराशे टन वाटले असते; वाटायला तो शिल्लक राहिला असता तर. धक्का सोसण्यासाठी व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे. त्याआधी एका लहान तोफेतून मांजर आणि खार उडवून चाचणीही घेतली आहे. मांजर जिवंत परतते. खार मात्र परतत नाही, कारण वाटेत मांजराने तिला खाल्लेले असते. विनोद झकास आहे, पण या हिशेबासमोर पाणीही टिकत नाही आणि मांजरही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि शिकवायला अधिक उपयोगाची. १८७०च्या उत्तरार्धात व्हर्नचे प्रवासी पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जेथे समसमान होते तेवढ्याच एका जागी वजनरहित होतात. वास्तविक तोफेतून सुटलेला गोळा, हवेचा अडथळा सोडला तर, सुटल्या क्षणापासून मुक्तपणे पडतच असतो, आणि त्याच्याबरोबर आतला माणूसही. त्यामुळे ते सारा प्रवास तरंगत राहायला हवेत. अवकाशवीर तरंगतात ते तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून, असे उत्तर आजही परीक्षेत सर्रास लिहिले जाते. व्हर्नची चूक आणि आपल्या विद्यार्थ्यांची चूक एकाच मुळाची आहे. 'चंद्रावर स्वारी' वाचून आलेल्या मुलाला हे एकदा सांगितले तर त्याला व्हर्न कमी आवडेल, असे मानायचे कारण नाही.

आता जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरे उलटी केली की जयंत विष्णु नारळीकर सापडतात. पुढे १९७९ साली 'यक्षांची देणगी' आले आणि मराठीत विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ऐन सुटीचे दिवस होते. त्या आठवड्यात आम्हीही त्यांच्या कथा पुन्हा काढून बसलो. त्यांतली आम्हांला सर्वांत अडवणारी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकात आल्याने ती महाराष्ट्राबाहेरच्या मुलांनीही वाचली आहे.

कथा घडते आपल्या मुंबईत, पण ही मुंबई वेगळी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पडतात जेथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले होते. हे त्यांना कळते ते टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून. परके जग समजून घ्यायला हा माणूस ग्रंथालयात जातो, ही कल्पना आम्हांला फार आवडते. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात चाटून गेलेली असते. तेथून इतिहासाला फाटा फुटतो. पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान प्राध्यापकांच्या खिशात उरते. मग त्यांचा वैज्ञानिक मित्र स्पष्टीकरण देतो. त्याचे दोन भाग आहेत, आणि ते वेगवेगळे तपासले पाहिजेत.

पहिला भाग असा : काही वेळा परिस्थिती अशा टोकावर असते की लहानशा कारणाने मोठी उलथापालथ होते. फ्रेंच गणिती रने तॉम यांच्या आपत्ती सिद्धांताचा येथे आधार घेतला आहे. सैन्याच्या मनोधैर्याला तो लावणे थोडे धाडसाचे असले तरी समजण्यासारखे आहे. उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा भाग अवघड. इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. तशा सर्व शक्यता आपापल्या जगात खऱ्या असतील, असे मित्र सुचवतो. इलेक्ट्रॉनपुरते पहिले विधान पक्के आहे. पण बंदुकीची गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. २० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने जात असेल तर तिच्याशी निगडित तरंगलांबी मीटरमध्ये लिहिताना दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये द्यावी लागतात. अणूचे केंद्रक याहून एकावर १९ शून्ये इतक्या पटीने मोठे असते. अशा गोळीला पुंजयांत्रिकीतल्या अनिश्चिततेचा फायदा घेऊन विश्वासरावांना चुकवता येत नाही. सूक्ष्मातली अनिश्चितता स्थूलापर्यंत वर येते कशी, हा खरा प्रश्न आहे. श्रोडिंजरने १९३५ साली आपल्या पेटीतल्या मांजराचे उदाहरण देऊन तोच विचारला होता. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी अनेक विश्वांचे उत्तर सुचवले. ते सर्व भौतिकशास्त्रज्ञांना मान्य आहे असे नाही, आणि त्या विश्वांमध्ये ये-जा करता येईल असे तर ते सिद्धांतही म्हणत नाहीत. नारळीकरांना हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? कथेला ही सवलत असते. पण सिद्ध विज्ञान कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, ती रेघ कथेत पुसट आहे आणि ती वर्गात गडद करण्याचे काम शिक्षकाचे आहे. मित्राच्या तोंडी घातलेले स्पष्टीकरण मुले पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदासारखे स्वीकारतात.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पानिपत ही आपली दुखरी जागा. जिंकलो असतो तर, या कल्पनेने आपण इतके सुखावतो की पुढचे इलेक्ट्रॉनबिलेक्ट्रॉन नुसते चाळून जातो. कथेवर बोलायला लागलेला वर्ग पाचव्या मिनिटाला भाऊसाहेब आणि होळकरांपाशी पोचतो व तेथेच घंटा होते. आमच्या मते चर्चा त्या फाटक्या पानापाशी न्यावी. एकच पान, एकच साक्षीदार, प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सोय नाही. इतिहासकार अशा पानाला पुरावा मानील काय? भौतिकशास्त्रज्ञ मानील काय? दोघांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि अकरावीच्या मुलांना त्यावर भांडता येईल.

तिसरे पुस्तक विज्ञानाच्या कपाटात कोणी ठेवत नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. लेखिकेचे आयुष्य मुंबईत, आणि त्यातला मोठा भाग त्याच एशियाटिकमध्ये वाचनात गेला. चैत्रापासून एकेक मराठी महिना घेऊन त्यात झाडे, फुले, आभाळ कसे बदलते हे त्यांनी लिहिले आहे. पालवीचा रंग हिरवा होण्याआधी किती रंगांतून जातो हे ज्याने कधी पाहिले नाही तो हे पुस्तक वाचून पाहू लागतो. निरीक्षण शिकवणारे याहून चांगले मराठी पुस्तक आम्हांला सुचत नाही. मात्र ललित लेखनाच्या ओघात ठिकाण आणि तारीख बहुतेक सुटून जाते. निबंधात तो दोष नाही. पण निसर्गाची नोंद म्हणून ते वापरायचे तर अडचण येते. अडचणीचे कारण आपल्या पंचांगातच आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षाहून ११ दिवसांनी लहान. अधिक मास घालून ते मागून जुळवले जाते. त्यामुळे गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता आणि २०२४ साली ९ एप्रिलला. १८ दिवसांचा फरक. झाडाला तिथी ठाऊक नसते. ते दिवसाची लांबी, उष्मा आणि जमिनीतला ओलावा यांना जाब देते. तेव्हा 'चैत्रात फुलतो' हे विधान दोन-तीन आठवड्यांच्या सैलपणानेच घ्यायचे.

हा सैलपणा काढून टाकणे सुटीत सहज जमते. 'वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहा' हा गृहपाठ आम्हांला मुळीच पसंत नाही; सारांशात पुस्तक खरे बोलते का, हे विचारायला जागाच नसते. 'ऋतुचक्रा'तला एक महिना वाचायला द्यावा आणि सोबत एक वही. फाइव्ह गार्डन्सला किंवा राणीच्या बागेत जाऊन ताम्हण, गुलमोहर, बहावा यांपैकी एकच झाड धरावे, पहिले फूल कधी दिसले ते तिथी आणि तारीख दोन्ही घालून लिहावे. बहावा फुलला की साधारण ४५ दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे म्हणतात. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख हवामान खाते ११ जून धरते, आणि २०२५ साली तो २६ मेलाच आला. त्या वर्षी दादर-परळच्या बहाव्याने काय केले होते? ज्या शाळेच्या वहीत ती तारीख असेल तिने आम्हांला अवश्य कळवावे.